उसने नाव

गेल्या दिवाळीतली गोष्ट. लक्ष्मीपूजनाची तयारी झाली होती. पाटावर तांदळाची रास, तिच्यावर तांब्या, शेजारी नवी केरसुणी आणि माझी हिशेबाची लाल वही. निवृत्त शिक्षकाच्या वहीत लक्ष्मीने पाहण्यासारखे फारसे काही नसते; तरी वडिलांच्या वेळेपासून वही पुजायची रीत आहे, म्हणून मी ती पुजतो. दिवेलागणीच्या सुमारास माझा भाचा पुण्याहून गाडी घेऊन थेट नळदुर्गला आला. पाया पडला, मिठाईचा पुडा मामीच्या हातात दिला, फराळाला बसला आणि चकली मोडता मोडता म्हणाला, "मामा, तुमची एक सही पाहिजे."

सही कसली, ते त्याने मोठ्या उत्साहाने सांगितले. पाणीपुरवठ्याची कंत्राटे घेणारी एक कंपनी निघणार होती. खाजगी कंपनीला निदान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. एक हा स्वतः, दुसरा मी. "पैसे तुम्ही द्यायचे नाहीत. कामही काही नाही. वर्षातून एकदा कागद येईल, त्यावर सही करायची."

"मग पैसे कोण देणार?"

"माझा एक मित्र आहे. कंपनी खरी त्याचीच. पण त्याची आधीची फर्म काळ्या यादीत गेली आहे. त्याचं नाव आलं तर टेंडर मिळायचं नाही. माणूस चांगला आहे, मामा. आणि तुमच्या नावावर कोण संशय घेणार? तुम्ही गुरुजी!"

हे शेवटचे वाक्य त्याने माझा मान वाढवण्यासाठी उच्चारले होते. मला मात्र ते लागले. माझे नाव चांगले आहे म्हणूनच ते हवे होते. वाईट असते तर त्याला मागणी आली नसती. मी म्हणालो, "उद्या पाहू." त्या रात्री पणत्या विझून गेल्या तरी मला झोप आली नाही. वाचकांना वाटेल, एवढ्याशा सहीने म्हाताऱ्याची झोप का उडावी? त्याचे कारण सांगायचे तर आधी माझ्या वडिलांविषयी सांगितले पाहिजे.

आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. निजामी राजवटीत उर्दूतून शिकलेले, पुढे मराठी शाळेत मास्तर झालेले. 'बेनामी' हा शब्द मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकला. फारसी 'बे' म्हणजे विना, 'नाम' म्हणजे नाव. विनानावाचा. मला तेव्हाच कोडे पडले होते. बेनामी जमिनीला नाव तर असते! सात-बाऱ्यावर ठळक असते. मग ती विनानावाची कशी? अण्णा हसून म्हणाले, "नाव असतं, पण ज्याचं हवं त्याचं नसतं."

हा प्रकार आपल्याकडे मुळीच नवा नाही, आणि पुष्कळ काळ तो गुन्हाही नव्हता. १८५४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे बंगालमधल्या एका गोसावी कुटुंबाचा दावा गेला. बापाने मुलाच्या नावावर मालमत्ता घेतली होती, ती कोणाची? विलायतेत अशा वेळी बापाने मुलाला देणगीच दिली असे धरीत. कौन्सिलने ठरवले की हिंदुस्थानात तसे धरता येणार नाही. इथे दुसऱ्याच्या नावाने घेण्याचा प्रघातच आहे, तेव्हा पैसा कोणाचा ते पाहावे. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे आपली न्यायालये हाच प्रश्न विचारीत आली. लोक अनेक कारणांनी दुसऱ्याचे नाव लावीत. कोणी घरातल्या भांडणाच्या भीतीने, कोणी सावकार चुकवण्यासाठी, कोणी बायकोचा पायगुण चांगला म्हणून! १९८८ साली बेनामी व्यवहारांना कायद्याने मनाई केली, तेव्हाही पत्नीच्या आणि अविवाहित मुलीच्या नावाने केलेली खरेदी वगळली होती. २०१६ च्या दुरुस्तीने कायद्याला दात आले. मालमत्ता जप्त, एक ते सात वर्षे सक्तमजुरी, बाजारभावाच्या चौथाईपर्यंत दंड. आणि ही शिक्षा खऱ्या मालकाला तशीच नाव देणाऱ्यालाही. उघड उत्पन्नातून जोडीदाराच्या किंवा मुलांच्या नावे घेतलेले घर मात्र आजही बेनामी ठरत नाही. तेव्हा ज्या गृहस्थांनी पाडव्याच्या मुहूर्तावर पत्नीच्या नावाने सदनिका घेतली असेल त्यांनी निर्धास्तपणे करंजी खावी.

आता अण्णांची गोष्ट. आमची स्वतःची आठ एकर कोरडवाहू होती. शेजारच्या शिवारात एका मोठ्या घराण्याची जमीन होती. त्या गृहस्थांना सारा गाव 'मालक' म्हणे. जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा महाराष्ट्रात २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला होता आणि तो आणखी कडक होणार अशी कुणकुण लागलेली होती. १९६९ साली एके दिवशी मालक आमच्या ओसरीवर येऊन बसले. दुसऱ्या दिवशी अण्णा त्यांच्याबरोबर तुळजापूरला गेले आणि येताना वीस एकरांचे मालक होऊन आले. खरेदीखतात रक्कम लिहिली होती. ती कोणी कोणाला दिली नव्हती. शेतसारा अण्णांच्या नावाने भरला जाई, पैसे मालकांकडून येत. रास मालकांच्या वाड्यात जाई. आमच्या घरात त्या जमिनीतला ज्वारीचा एक दाणा आला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

पुढे १९८४ साली मालक वारले. तेराव्यानंतर अण्णांनी त्यांच्या मुलाला बोलावून घेतले आणि ती वीस एकर जमीन एक पैसा न घेता त्याच्या नावे करून दिली. लबाडी करायची म्हटले असते तर सरकारी कागद अण्णांच्या बाजूचा होता. गावाने त्यांना डोक्यावर घेतले. १९९१ साली ते गेले तेव्हा समाचाराला येणारा प्रत्येकजण हीच गोष्ट काढी. "पंधरा वर्षं नावावर जमीन, पण मन ढळलं नाही!" मीही वर्गात मुलांना ही गोष्ट सांगितली आहे. प्रामाणिकपणाचा धडा म्हणून.

त्या धड्यात एक माणूस मी नेहमी गाळीत आलो. ती वीस एकर बटईने एक गडी कसत असे. बायको, तीन मुले आणि एक बैल. दुसरा बैल तो मागून आणी. पीकपाहणीच्या रकान्यात त्याचे नाव कधी लागले नाही. १९७२ च्या दुष्काळात नवराबायको दोघेही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली, मुले सुकडीच्या रांगेत उभी राहिली. मग २ ऑक्टोबर १९७५ पासून कमाल मर्यादा खाली आली. कोरडवाहूला ५४ एकर. त्यावरची जमीन सरकार घेणार आणि भूमिहीनांना वाटणार असे चावडीवर वाचून दाखवले. त्या संध्याकाळी तो गडी आमच्या अंगणात आला. मी चौदा वर्षांचा होतो, कंदिलाच्या उजेडात अभ्यास करीत होतो. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "गुरुजी, एक इचारू का? त्यो वीस एकराचा तुकडा तुमचा हाय का मालकाचा?"

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सात-बारा बघ."

त्याने मान हलवली आणि तो गेला. अण्णा खोटे बोलले नव्हते. सात-बाऱ्यावर त्यांचेच नाव होते. पण त्या दोन शब्दांनी एका माणसाच्या वाट्याला येऊ शकणारी जमीन गेली, हे मला कळायला माझे केस पिकावे लागले. अण्णांनी मालकांशी इमान राखले, आणि ते राखतील याची खात्री होती म्हणून तर मालक आमच्या ओसरीवर आले. लबाड माणसाच्या नावावर कोणी वीस एकर ठेवीत नाही. बेनामी व्यवहाराला भरवशाचा माणूसच लागतो, आणि त्या भरवशाची किंमत त्या व्यवहारात हजर नसलेला तिसराच कोणी भरतो.

इथे एक शंका निघेल. नाव एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा, हे मुळातच पाप आहे काय? मला तसे वाटत नाही. आमच्या नळदुर्गचेच पाहा. इथला खंडोबा आणि जवळच्या अणदूरचा खंडोबा एकच. देवळे दोन, मूर्ती एक. वर्षातले सुमारे दहा महिने देव अणदूरला असतो आणि मार्गशीर्षापासून पौषी पौर्णिमेच्या यात्रेपर्यंत सुमारे दोन महिने आमच्याकडे. देव नेताना-आणताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देव कोणाच्या ताब्यात आहे आणि कधी परत द्यायचा, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक असते. ताबा आणि मालकी वेगळी आहे, पण झाकलेली नाही. देवस्थानच्या जमिनीचेही तसेच. कायद्याने देव ही व्यक्ती आहे. तिच्या नावे जमीन असते आणि पुजारी तिची व्यवस्था पाहतो. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात स्पष्ट म्हटले की मालकाच्या रकान्यात नाव देवाचेच लागावे, पुजारी हा व्यवस्थापक. अज्ञान मुलाची मालमत्ता पालक सांभाळतो, विश्वस्त न्यासाची सांभाळतो. यात कोणी कोणाला फसवीत नाही, कारण विचारील त्याला उत्तर मिळते.

दुसरी शंका याहून बारीक आहे. आपण गुप्तदानाला पुण्य मानतो. नाव न सांगता दिले तर ते थोर, मग नाव न सांगता बाळगले तर वाईट का? मला याचे उत्तर असे सुचते की गुप्तदानात माणूस वस्तूही सोडतो आणि तिचे श्रेयही सोडतो. बेनामीत तो वस्तू घट्ट धरतो आणि तिच्याबरोबर येणारे दायित्व तेवढे सोडतो. मर्यादेचा कायदा, कर, कर्ज, काळी यादी, यांपैकी काहीतरी नावाला चिकटलेले असते, आणि तेच चुकवण्यासाठी नाव बदलावे लागते. मुंबईत कुलाब्याच्या ३१ मजली आदर्श सोसायटीचे प्रकरण २०१० साली उघडकीस आले, मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले, चौकशी आयोग बसला. त्या आयोगापुढचाही एक प्रश्न हाच होता, की काही सदनिकांचा पैसा खरोखर कोणी भरला.

जमिनीचे हे असे. कंपनीचे प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे. कंपनी हीसुद्धा देवासारखीच कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती. लंडनमध्ये अॅरन सॉलोमन नावाचा बुटांचा एक कारखानदार होता. त्याने आपल्या धंद्याची कंपनी केली. २०,००७ शेअरांपैकी २०,००१ त्याचे, उरलेले सहा बायको आणि पाच मुले यांना एकेक. कंपनी बुडाली, आणि धनको म्हणू लागले की ही कंपनी म्हणजे सॉलोमनच! १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की नाही, कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. त्या तत्त्वावर आजचे सारे उद्योगजग उभे आहे. धंदा बुडाला तर कंपनीचे बुडते, मालकाच्या घरातली भांडी लिलावात निघत नाहीत. ही सोय चांगली आहे. तिच्यावाचून मोठी साहसे कोणी केली नसती. पण ती समाजाने दिलेली सवलत आहे. नुकसान अमुक मर्यादेपलीकडे तुझ्याकडून मागणार नाही असे वचन ज्याला दिले, तो माणूस कोण, एवढे विचारण्याचा हक्क समाजाला नसावा काय?

सरकारी नियम नेमके हेच विचारतात. भाच्याने आणलेल्या कागदांमुळे मला ते वाचावे लागले. २०१३ च्या कंपनी कायद्याचे ८९ वे कलम म्हणते की शेअर ज्याच्या नावावर आहे पण लाभ ज्याचा नाही, त्याने तसे कंपनीला लिहून द्यावे. आणि लाभ ज्याचा आहे त्यानेही स्वतंत्रपणे लिहून द्यावे. 'हे माझे नाही' असे एकाने म्हणायचे, 'ते माझे आहे' असे दुसऱ्याने. मग कंपनीने ते सरकारी निबंधकाला कळवायचे. ९० वे कलम आणि २०१८ साली निघून २०१९ मध्ये सुधारलेले नियम आणखी खोल जातात. एका कंपनीची मालक दुसरी, तिची तिसरी, अशी साखळी असली तरी ती उलगडत जायचे आणि शेवटी हाडामांसाचा जो माणूस दहा टक्के किंवा अधिक हिस्सा बाळगून असेल, अथवा कंपनीवर हुकमत चालवीत असेल, त्याचे नाव नोंदवायचे. खोटे लिहिले तर ती फसवणूक.

विरुद्ध बाजूही ऐकली पाहिजे. माणसाने आपली मिळकत चारचौघांत का मांडावी? खंडणीखोर आहेत, भाऊबंद आहेत, दृष्ट लावणारे आहेत. ब्रिटनने २०१६ साली असे रजिस्टर सर्वांसाठी खुले केले. पण युरोपीय संघाच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सरसकट सर्वांना ते पाहू देणे खाजगी जीवनावरचे अतिक्रमण ठरवले. अमेरिकेने २०२४ पासून असा नियम लागू केला आणि मार्च २०२५ मध्ये देशी कंपन्यांना त्यातून सोडून दिले. शिवाय कागदाच्या ओझ्याखाली प्रामाणिक छोटा धंदेवाला वाकतो आणि लबाड नवे नाव शोधतो, हेही खरे आहे.

या आक्षेपांना मी कमी लेखीत नाही. पण मला आमच्या गावातला दोन एकरांचा शेतकरी दिसतो. त्याचा सात-बारा महाराष्ट्रात कोणालाही घरबसल्या संगणकावर पाहता येतो. जमीन किती, वाटेकरी कोण, आणि 'इतर हक्क' या रकान्यात कोणत्या बँकेचा किती बोजा आहे, तेसुद्धा. त्याच्या कर्जाची लाज कोणी राखली नाही. कंपनीतल्या खऱ्या मालकांची ती नोंदवही मात्र कायद्याने कंपनीच्या सभासदांनाच, तेही फी भरून, पाहता येते. दोन एकरवाल्याने सारे उघडे ठेवायचे आणि दोन कोटीवाल्याला खाजगीपण हवे, हा न्याय मला समजत नाही. खाजगीपणाला मान द्यावा, पण तो दोघांनाही सारखा.

सकाळी मी भाच्याला समोर बसवले. "सही करतो," मी म्हणालो, "पण एका अटीवर. हे शेअर माझे नाहीत, तुझ्या मित्राचे आहेत, असं कायद्याप्रमाणे लिहूनही देतो. तो कागद तुम्ही सरकारला पाठवा."

त्याचा चेहरा पडला. "मग उपयोग काय, मामा?"

"तेच मला पाहायचं होतं," मी म्हणालो. "पाइप कच्चे निघाले, पाणी आलं नाही, तर गावातल्या बाया कोणाच्या दारात जातील? माझ्या. आणि मी काय सांगू? कागद बघा?"

तो काही बोलला नाही. दुपारचे जेवण न घेता निघून गेला. मी सही केली नाही म्हणून त्याचे काम अडले असेल असे मला वाटत नाही; उसने नाव देणारे पुष्कळ असतात.

त्या रात्री आमच्या घरात शांतता होती. भाऊबीज दुसऱ्या दिवशी. अक्का, म्हणजे भाच्याची आई, सोलापूरला असते. ती येईल की नाही याची मला धास्ती होती. मामाने भाच्याला दिवाळीत रिकाम्या हाताने परत पाठवले, ही गोष्ट आमच्याकडे लहान नाही.

अक्का आली. मुकाट्याने औक्षण केले, मुकाट्याने ओवाळणी घेतली. मग तबक खाली ठेवून म्हणाली, "एवढं काय होतं रे एका सहीत?"

मी तिला ती संध्याकाळ सांगितली. कंदील, अंगणात उभा राहिलेला गडी, अण्णांचे 'सात-बारा बघ'. पन्नास वर्षांत ही गोष्ट मी कोणाजवळ काढली नव्हती. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करीत बसली. मग म्हणाली, "म्हणून होय ते."

"काय?"

"त्या सालापासून दर दिवाळीला अण्णा मला पहाटे उठवायचे. आपल्या शेतातली एक पायली ज्वारी नि फराळाचा डबा. त्याच्या घरी ठेवून ये म्हणायचे, कोणी पाठवलं ते सांगू नको. मी लग्न होऊन जाईपर्यंत नेलं. मला वाटायचं, गुप्तदान असेल."

मी अण्णांना प्रामाणिक समजत आलो. मग त्यांच्यावर रागावलो. आता त्यांच्याविषयी काय म्हणावे, ते मला ठरवता येत नाही. पायलीभर ज्वारीने वीस एकर फिटत नाहीत, हे एका मास्तराला कळत नव्हते असे कसे म्हणावे? अंगणात त्या संध्याकाळी जे तोंडाने सांगायचे राहिले, ते ते दर दिवाळीला अंधारात सांगत राहिले असावेत. ज्याला सांगायचे त्याला मात्र ते कधी कळले नाही. त्याची मुले पुढे ऊस तोडायला गेली, आणि आता ती कुठे आहेत हे गावात कोणालाच माहीत नाही.

जाताना अक्काने दारात चप्पल घातली आणि म्हणाली, "पोराशी मी बोलते." काय बोलली ते मी विचारले नाही. या वर्षी ती भाऊबीजेला येणार आहे, आणि भाचाही येतो म्हणाला आहे. ज्वारीची एक पायली मी वेगळी काढून ठेवली आहे. कोणाच्या दारात ठेवायची ते अजून ठरलेले नाही. पण ठेवीन तेव्हा उजेडात ठेवीन, आणि कोणी विचारले तर ती कशाबद्दल आहे ते सांगेन.